करंजाच्या तेलाचा वास

दसरा होऊन गेला होता, कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि त्या सकाळी आमच्या ओसरीवर कवड्यानं काळ्याचा कान फाडला. सत्तरच्या दशकातली गोष्ट... परवा एका मित्रानं त्याच्या दोन बोक्यांच्या भांडणाचा व्हिडिओ पाठवला, आणि तो आवाज ऐकून ती सकाळ जशीच्या तशी समोर आली.

काळ्या आणि कवड्या, आमचे दोन बोके, सख्खे भाऊ. शेजारच्या पिंजारी चाचांच्या कापसाच्या ढिगात जन्मले. त्यांची आई लवकरच गेली, आणि माझ्या ताईनं कापसाचा बोळा दुधात बुडवून दोघांना जगवलं.

एकाच पोत्यावर, एकमेकांत गुंतून झोपायचे. रंग वेगळे होते म्हणून निदान कुठला पाय कोणाचा एवढं तरी कळायचं.

मी तेव्हा कॉलेजात संस्कृत घेतलेलं. आमच्या बौद्ध वस्तीत त्या विषयाचं गिऱ्हाईक मी एकटाच, त्यामुळे ज्ञान पाजळायला मला मांजरंही चालायची. मी 'नकुल' आणि 'सहदेव' अशी नावं सुचवली. मायनं विचारलं, "नकुल म्हंजे काय?" मी सांगितलं, मुंगूस.

"मांजराले मुंगसाचं नाव? हेच शिकून राह्यला का तू कॉलेजात?" नावांचा विषय तिथंच मिटला.

उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. निघताना ती रडली नाही, फक्त मायला म्हणाली, "माह्या दोघांले सांभाळजो." दिवाळीला ती पहिल्यांदा माहेरी येणार होती. तोवर दोघं घरात धडधाकट असावेत... मायला एवढंच हवं होतं.

आणि नेमके पावसाळा सरता सरता दोघं वयात आले. आधी नुसती गुरगुर. मग कवड्या दारात बसायचा आणि काळ्याला आत येऊ द्यायचा नाही. मग तो कान.

पिंजारी चाचा भिंतीवरून डोकावले. "काय पंडित, तुमच्या संस्कृतात यायच्यावर काही मंतर नाही का?" मी म्हटलं, शांतीचा आहे. म्हणूनही पाहिला... मंत्र संपायच्या आत कवड्यानं माझ्या पोटरीवर नखं ओढली. चाचा आठवडाभर मला 'शांतिदूत' म्हणत होते.

बाबा बैलगाडीनं कापूस वाहायचे. बैलाचा खांदा सोलवटला की करंजाचं तेल, आणि त्यांच्या लेखी जगातल्या यच्चयावत जखमांवर तेच एक औषध. त्यांनी काळ्याच्या कानाला तेल लावलं, आणि बैलाच्या हिशोबानं लावलं, म्हणजे पार शेपटीपर्यंत.

दुपारी कवड्या स्वतःहून काळ्याजवळ आला. मायनं मला खुणेनं दाखवलं, बघ, मिटलं. त्यानं काळ्याला हुंगलं... आणि पाठीची कमान करून मागं सरकला. घरात कोणी परकं घुसावं तसा.

त्यानंतर काळ्या दिसला की झडप. सकाळी भांडण, नवी जखम, संध्याकाळी पुन्हा तेल. या दोन गोष्टींचा संबंध असेल असं कोणाच्याच मनात आलं नाही. माय तर म्हणायची, "अजून जरा चोपडा, लवकर बरं होईन."

शेवटी बाबा म्हणाले, "बोके झाले आता थे. दोन बोके एका छपराखाली नाही राह्यत."

"दिवाळी तं होऊ द्या. पोरगी काय म्हणन?"

"अन् डोळा फुटला म्हंजे काय म्हणन?"

बाबांनी काळ्याला टोपल्यात घातलं, वरून पोतं बांधलं आणि गाडीनं इंझोरीला आत्याकडे नेऊन सोडलं. परत आल्यावर बैलांना पाणी दाखवत राहिले. पुढच्या बाजाराच्या दिवशी निरोप आला, काळ्या दुसऱ्याच दिवशी तिथून निघून गेला.

मायनं स्वयंपाकघराच्या दाराला वीट लावली, दार जरा उघडं राहावं म्हणून. काळ्या काही आला नाही.

दिवाळीला ताई आली. चेहरा उतरलेला. उंबऱ्यातूनच तिनं दोघांना हाक मारली आणि एकटा कवड्या बाहेर आला. मायनं काय झालं ते सांगितलं. ताई खाली बसली आणि कवड्यापुढे हात केला.

शेपूट ताठ करून आलेला कवड्या हात हुंगून थबकला. मग फिस्कारला.

नव्या साडीची खळ, डोक्याला निराळं तेल, अंगाला सासरच्या चुलीचा धूर... ताईचा हात तसाच हवेत राहिला. "मले नाही ओळखलं यानं," ती हळूच म्हणाली. ती नुसतं मांजराबद्दल बोलत नव्हती, असं मला आजही वाटतं.

मायनं दोरीवरचं स्वतःचं विटकं लुगडं ओढून तिच्या हातात दिलं. "वास बदलला तुया. हे नेस."

दिवे लागायच्या सुमाराला कवड्या तिच्या मांडीवर होता, लुगड्याच्या घड्यांत तोंड खुपसून.

बाबा गोठ्याच्या दारातून ते पाहत होते. त्यांनी खुंटीवरची तेलाची बाटली काढली, बूच उघडलं, वास घेतला... आणि बाटली परत अडकवली.

मित्राला मी कळवलंय, काही दिवस दोघांना वेगळं ठेव, डॉक्टरांकडे ने, आणि दोघांनाही एकाच जुन्या चादरीनं पुसत जा. बोके ते बोकेच, कदाचित आमचे तसेही भांडलेच असते.

पण काळ्यालाही एकदा मायचं जुनं लुगडं मिळायला हवं होतं...