काकांच्या यादीतला गुडघा

आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावात माणसाच्या शरीराची आमच्या चिनी दुकानवाल्या काकांइतकी चौकशी डॉक्टरही करत नसतील. फरक इतकाच की काकांना अवयवाचं दुखणं नको असायचं, नाव हवं असायचं. चिनी, तिबेटी, बर्मी या भाषा बहिणी-बहिणी; त्यांची आई हजारो वर्षांपूर्वी डोळ्याला, हाताला काय म्हणत असेल, हे ते खारी मासळी तोलता तोलता शोधत. सिगारेटच्या रिकाम्या पुठ्ठ्यांची कार्डं कापून ठेवलेली. घरातल्या हाक्का या चिनी बोलीत डोळा ‘मुक’, तिबेटीत ‘मिग’. दोन्ही कार्डं शेजारी मांडून काका जुना शब्द बेतायचे आणि त्याच्याआधी एक तारा काढायचे. तारा म्हणजे, हा शब्द कोणी ऐकलेला नाही, पण असलाच पाहिजे. गिऱ्हाईक साबण मागत उभं असे आणि काका त्याचा कान निरखत असत.

मी तेव्हा अठराची. देवळातल्या वर्गात पोरांना मराठी बाराखडी शिकवायचे, म्हणजे स्वतःच्या मते जगातल्या समस्त भाषांची मुख्याध्यापिका. काकांची नव्वदीची आई दुकानामागे राहायची. तिच्या माहेरची बोली अख्ख्या बेटावर तिच्याच तोंडी उरली होती आणि मुलासमोर अंगाची नावं घ्यायला ती लाजायची. “मामझेल बाई, तुम्ही विचारा,” काका मला म्हणाले.

मी गुडघ्यावर बोट ठेवलं; म्हातारीने तेल आणून दोन्ही गुडघे चोळले. पोटावर ठेवलं, आल्याचं सूप आलं. चोळताना ती सारखं काहीतरी पुटपुटायची, पण मुख्याध्यापिकाबाई सूप पिण्यात गर्क. तीन दुपारी अशा गेल्यावर रिकामं कार्ड न्यायची लाज वाटली, म्हणून मी गुडघ्याला चिनी वाटेल असा एक शब्द स्वतःच पाडला.

काका हरखले. त्या शब्दावरून त्यांनी जुना शब्द बेतला आणि त्याच्याआधी मोठा तारा काढला. ऊसतोडणी संपता संपता म्हातारी गेली, आणि महिन्याभराने परदेशातल्या प्राध्यापकांना पाठवायची यादी काकांनी विश्वासाने माझ्याच हाती दिली. मी पोस्टापर्यंत गेले आणि तशीच परत आले.

“काका, गुडघ्याचा शब्द मी बनवला. आईंचा नाही तो.”

काकांनी पाकीट फोडलं, पट्टी लावून ती ओळ खोडली. मग त्यांनी विचारलं, “पण तिने गुडघा चोळला होता ना?”

“हो. दोन्ही.”

ते त्यांनी माझ्या कार्डावर लिहिलं आणि कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

आता माझेच गुडघे धरतात. तेल चोळताना म्हातारीच्या पुटपुटण्याची चाल नेमकी ओठांवर येते, शब्द काही येत नाही. त्या जागी मी मनातल्या मनात एक तारा काढते.