त्रिकोणातला नऊ

लष्कराच्या बिनतारी यंत्रांच्या कारखान्यात आत्याने एकोणतीस वर्षं काढली. भावाची मुलं आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. निवृत्तीनंतर ती आणि तिची विधवा भावजय एका घरात राहत. दोघींचं रोज वाजायचं आणि एकीवाचून दुसरीचं पान हलायचं नाही.

संग्रहालयाच्या साहेबांनी एक जुना लष्करी रेडिओ तिच्याकडे दुरुस्तीला पाठवला, तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. खिडकीजवळच्या टेबलावर तीन महिने बसून तिने त्याचं पोट साफ केलं, जळके भाग बदलले, आणि एका सकाळी रेडिओ घुमायला लागला. उरली फक्त पेटीवरची पांढरी अक्षरं. ती उडून गेली होती.

"कॉम्प्युटरवर स्टिकर छापून चिकटवा," साहेब फोनवर म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना!" आत्या म्हणाली. "बिस्किटाचा पुडा नाही हा, साहेब. ही अक्षरं पुठ्ठ्यात कापलेल्या स्टेन्सिलमधून ब्रशने उमटवायची असतात."

पण स्टेन्सिल कापायला कारखान्यात मिळायचा तो तेल प्यायलेला तपकिरी पुठ्ठा आता कुठे मिळणार? सहा दुकानं पालथी घातली. सहाव्या दुकानदाराने चष्मा वर सरकवला. "आत्या, तो पुठ्ठा जाऊन पंचवीस वर्षं झाली. प्लास्टिक न्या."

प्लास्टिक आणलं. ते पेटीवर बसेना, कडेखालून रंग पसरला आणि अक्षरांना मिशा फुटल्या. मग तिची नजर कपाटावरच्या मोठ्या पाकिटावर गेली.

"वन्सं, माझा गुडघा आहे तो!" भावजय ओरडली.

"गुडघा तुझ्या पायात आहे. हा नुसता फोटो."

एक्सरेवर मोठी अक्षरं झकास निघाली. बारीक अक्षरांना मात्र पातं घसरायचं. आत्या हट्टाला पेटली. फायलींचा जाड पुठ्ठा आणला, रंगाच्या दुकानातून जवसाचं तेल आणलं, एकेक तुकडा तेलात बुचकळला, पुसला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवला. आठवडाभर घराला सुताराच्या दुकानाचा वास येत होता. "मी माहेरी जाते," असं भावजय रोज म्हणायची आणि रोज तुकडे उलटून बघायची. सातव्या दिवशी तिनेच सांगितलं, "वाळलेत. बोटाला लागत नाही तेल."

पातं त्या पुठ्ठ्यातून सायीतून फिरावं तसं फिरलं.

अक्षरं उमटवण्याआधी पेटी साबणाच्या पाण्याने पुसताना मागच्या बाजूला वरचा रंग जरा सुटला, आणि खालून काहीतरी पांढरं दिसलं. आत्याचा हात थांबला. त्रिकोण, आणि त्यात नऊचा आकडा.

नऊ नंबरचा विभाग बायकांचा होता. बावीस जणी. प्रत्येक यंत्राची शेवटची तपासणी त्या करायच्या, आणि त्यांचा हा शिक्का बसल्याशिवाय एकही पेटी दाराबाहेर पडायची नाही. आत्या त्यांच्यातलीच. पुढे कधीतरी कुणीतरी मागची बाजू सरसकट रंगवून टाकली होती.

पुढची अक्षरं उमटवून झाल्यावर तिने त्रिकोणातला नऊ कापला. पहिल्यांदा घाईत आकड्याच्या डोक्यातला गोल तुकडा धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या सोडायला विसरली, तुकडा गळून पडला आणि नऊचं डोकं नुसतंच भोक झालं. स्वतःला एक शिवी हासडून तिने दुसरा कापला. आखूड केसांच्या ब्रशने जवळजवळ कोरडाच रंग ठोकत ठोकत तिने तो उमटवला, त्याच जागी, तेवढाच.

साहेब पेटी न्यायला आले आणि तिची मागची बाजू बघून थबकले. "हे काय? आमच्या यादीत कारखान्याचे आठच विभाग आहेत."

"मग यादी चुकलीय."

"कागद आहे का काही?"

"कागद तुमच्याकडे, हात माझ्याकडे. तुमच्या कोठारात अजून अकरा पेट्या आहेत ना? मागून पुसून बघा."

"उद्घाटन चार दिवसांवर आलंय, आत्या. त्यावर रंग मारा."

आत्याने रंगाचा डबा उघडला, ब्रश साहेबांच्या हातात दिला. "तुम्ही मारा. आणि खाली सही करा, म्हणजे कुणी पुसलं ते पुढच्यांना कळेल."

साहेबांनी ब्रश खाली ठेवला आणि पेटी तशीच नेली.

उद्घाटनाला दोघी गेल्या. रेडिओ दालनाच्या टोकाला टेबलावर होता, पाठ भिंतीला अगदी टेकवून. प्रमुख पाहुणे भाषण संपवून जवळ आले. आत्या टेबलासमोर बांधलेली दोरी ओलांडून आत गेली.

"अहो बाई, हात लावू नका!" पहारेकरी धावला.

"तीन महिने हातच लावत होते." तिने भावजयीकडे बघितलं. "धर गं तिकडून."

"धरते, पण माझ्या पायावर पाडू नका, वन्सं."

दोघींनी मिळून ती जड पेटी करकरत फिरवली. आत्याने मान ताठ केली. "हा नऊ नंबर म्हणजे आम्ही बावीस बायका. या यंत्रातून आवाज गेला तो आम्ही 'हो' म्हटल्यावर." मग तिने बावीसच्या बावीस नावं घेतली, एकही न चुकता. पाहुणे उभ्या उभ्या ऐकत राहिले, म्हणून साहेबांनाही ऐकावं लागलं.

महिन्याने साहेबांचा फोन आला. कोठारातल्या पेट्या पुसून पाहिल्या होत्या. सात पेट्यांवर त्रिकोण निघाला होता. त्या दुरुस्तीला कधी घ्याल, असं त्यांनी विचारलं.

"आधी तुमच्या दालनातल्या विभागांच्या पाटीवर नववा विभाग लिहा," आत्या म्हणाली. "मग बघू."

पाटी बदलायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस तिने एका पेटीलाही हात लावला नाही.