बुडालेला तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्रेताई म्हणत. उंदरांची फुफ्फुसं मेणात बसवून त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. हात असा बसलेला, की घरी कांदाही तसाच चिरे. "आमच्या भाजीत कांदा दिसत नाही, नुसता वास येतो," असं नवरा पाहुण्यांना सांगे आणि वर पुन्हा वाढून घेई.

त्या आठवड्यात उंदरांना हवेच्या नव्या मिश्रणात ठेवलं होतं : हेलियम आणि भरपूर ऑक्सिजन. ते पसंत पडलं, तर दिवसचे दिवस समुद्राच्या तळाशी काम करणारे पाणबुडे तेच श्वासात ओढणार होते. चौथ्या दिवशी ताईनं फुफ्फुसाचा ताजा तुकडा बरणीतल्या पाण्यात सोडला. ही तिची जुनी खोड. निरोगी फुफ्फुसात हवा असते, ते तरंगतं. हा तुकडा सरळ तळाला गेला. दुसराही. तिसराही. तिनं वहीत लिहिलं, "बुडाला."

साहेब वही घेऊन धावत आले. "ताई, हे काय? 'कापताना नमुना खराब झाला' असं लिहा."

"मेणात बसवून कापलाय कुठे अजून?"

"मग कापा आणि लिहा!"

"सव्वीस वर्षांत माझ्या हातून खराब झालेला एक नमुना दाखवा, साहेब. पाती झिजली, खुर्ची झिजली, तुमच्याआधीचे दोन साहेब झिजले. हात तोच आहे."

"उद्यापासून बाटल्या धुवायला पाठवीन!"

"पाठवा. लख्ख धुवीन. पण त्या पाणबुड्यांना खाली आपली वही वाचायला मिळणार नाही. म्हणून इथंच खरं लिहायचं."

साहेबांचा सूर उतरला. "अहो, पाण्यातच काही गडबड असेल."

ताईनं साध्या हवेत ठेवलेल्या उंदराच्या फुफ्फुसाचा तुकडा त्याच बरणीत सोडला. तो बुचासारखा ऐटीत तरंगू लागला. मग तिनं चिमटा साहेबांपुढे धरला. "आता चौथा तुम्ही सोडा. माझ्या हाताला दोष नको."

साहेबांनी बोट भाजल्यासारखा तो तुकडा पाण्यात सोडला. दोघं वाकून बघत राहिले. तुकडा रमतगमत तळाला जाऊन बसला.

"करा सही."

"उद्या करतो."

"उद्या मी बाटल्या धुणार आहे."

"बुडाला" या शब्दाखाली साहेबांनी सही केली. इतकी बारीक, की पापुद्रेताईलासुद्धा हेवा वाटावा.