चार खांब आणि एक बाक

केशवराव लेले यांची व माझी पहिली भेट भोरला बँकेच्या इमारतीचा पाया खणताना झाली. ते ओव्हरसियर, मी नकाशे काढणारा नवखा कारकून. नाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या वहाणा पाहिल्या आणि म्हणाले, "चुन्यात टिकणार नाहीत." दुसऱ्या दिवशी स्वतःचा जुना जोड आणून दिला. तो दोन बोटे मोठा होता, तरी मी तीन वर्षे वापरला.

इमारत ग्रीक-रोमन धाटणीची होती. दर्शनी बाजूला चार उंच दगडी खांब, त्यांवर त्रिकोणी शीर्ष. या धाटणीत खांब मधे किंचित फुगीर घडवतात, कारण अगदी सरळ खांब लांबून कंबरेत बारीक दिसतो. हे पाथरवटांना समजावण्याचे काम केशवरावांनी माझ्यावर सोपवले होते.

मुख्य पाथरवट भोंगवलीचे धोंडिबा. दगड सरळ उभा आहे का ते दाखवणाऱ्या ओळंब्यापुढे ते कुणाचे ऐकत नसत. पहिला खांब उभा राहिला तो सरळसोट. धोंडिबा समाधानाने म्हणाले, "सायेब, नकाशात खांबाचं प्वाट सुटलं व्हतं. म्या काडून टाकलं."

पाहणीला आलेले संचालक मात्र संतापले. या माणसाला आजच कामावरून काढा, असे त्यांनी फर्मावले. धोंडिबांचा चेहरा उतरला. केशवराव शांतपणे म्हणाले, "त्यांना मी नीट सांगितलं नाही. काढायचं तर मला काढा." मी शेजारीच उभा होतो. मी पायातल्या त्यांच्या वहाणांकडे पाहत राहिलो.

केशवरावांची नोकरी राहिली, पण ठरलेली बढती दुसऱ्याला मिळाली. चारही खांब पुढे धोंडिबांनीच घडवले. बाद झालेल्या पहिल्या खांबाच्या दगडांचा केशवरावांनी नीरेकाठी बाक करवला. संध्याकाळी ते तिथे बसतात. मी रोज जातो, पण कधी बसलो नाही. उभ्यानेच बोलून परततो.

त्यांच्या साठीनिमित्त हा लेख लिहायचे ठरल्यावर मी त्या बाकाशेजारी उभ्यानेच त्यांना खरे सांगितले. पाथरवटांना फुगीर खांब समजावायचा त्या दिवशी मला घरी जायची घाई होती. नकाशा धोंडिबांच्या हाती ठेवून मी काही न सांगता निघून गेलो होतो.

केशवराव म्हणाले, "धोंडिबांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुमची नोकरी नवी होती." आणि ते जरा सरकले. मी बसलो.

केशवरावांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. माझी वीस वर्षे त्या बाकाशेजारी उभे राहण्यात गेली आहेत; ती आता त्यांच्याशेजारी बसून भरून काढायची आहेत.