चारशे बारा सह्या आणि फेलिसा

तालाबा गावात माणसाचं खरं नाव दोघांनाच ठाऊक असायचं, एक देवाला आणि दुसरं म्हणजे लोला सिद्राला, म्हणजेच सिद्राआजीला. देवाचं सोडा, पण या आजीने पंचेचाळीस वर्षं गावची बाळंतपणं केली होती. बाळ हातात आलं की कॅलेंडरात त्या दिवशीचा संत कोण ते बघायचं आणि तेच नाव ठेवायचं, ही तिची रीत. ते नाव चर्चच्या वहीत जायचं आणि तिथंच राहायचं. घरी मुलगा तोतो, मुलगी इन्दाय. माणूस पन्नाशीला टेकला तरी तोतो तो तोतोच!

बारा वर्षांपूर्वी गावात दोन खाटांचं प्रसूतिकेंद्र झालं, शिकलेली नर्स आली आणि सिद्राचं काम संपलं. लोकांना वाटलं, म्हातारी आता बोटं मोडणार. पण उद्घाटनाला सगळ्यांत आधी तीच येऊन बसली. फेलिसाला ती विसरली नव्हती. अडलेल्या फेलिसाला नदीपलीकडच्या इस्पितळात नेताना ती होडीतच गेली. बाळ तेवढं सिद्राच्या हाती जिवंत लागलं. ते बाळ म्हणजे गिर्ली. ती आता अठ्ठावीस वर्षांची आहे.

आणि आता नगरपालिका म्हणत होती, केंद्र पलीकडे शहरात हलवू, दोन-दोन ठिकाणी नर्स परवडत नाही. सातव्या महिन्यातली गिर्ली पदर खोचावा तशी उभी राहिली. तिने बायकांचा गट जमवला, रेडिओवर जाऊन बोलली, बाजाराच्या तोंडाशी फलक लावले. पातेली बडवत मोर्चा काढला. एवढ्यावर थांबेल ती गिर्ली कसली! प्रत्येक नगरसेवकाच्या घरी नारळीच्या पात्यात गुंडाळलेला चिकट भाताचा इबोस पोचवला, तोही साहेब घरात नसताना.

"नगरसेवकाला काय समजावायचं? बायकोला समजावलं की काम झालं," ती म्हणायची.

शेवटी चारशे बारा सह्यांचा अर्ज घेऊन ती पालिकेत गेली. कारकून एव्हेलिनोने पानं चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, यात एकोणसाठ तोतो आहेत. हा बोबोय, ती बेबिंग... हा अर्ज आहे की पाळणाघराची हजेरी? मतदारयादीतलं नाव नसेल तर सही धरत नाही. शुक्रवारी सभा आहे, त्याआधी दुरुस्त करून आणा."

गिर्ली रडकुंडीला आली. नवऱ्याचं खरं नाव बायकोला धड सांगता येईना. त्यात आडनावं गावभर एकाच अक्षराने सुरू होणारी. तेव्हा तिला सिद्रा आठवली.

सिद्रा अंगणात सुकट पसरत होती. "अगं, एवढंच ना? वाच एकेक."

"शाळेसमोरचा तोतो."

"सिल्वेस्त्रे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आला, फटाके फुटत होते."

"बेबिंग?"

"पेर्पेतुआ. मार्चमधली. उलटी आली होती, अजून उलटंच बोलते मेली."

तीन दिवस हेच चाललं. गिर्ली लिहायची, बायका घरोघर जाऊन नव्याने सह्या आणायच्या. शेवटच्या पानावर सिद्राने गिर्लीचा हात धरला.

"आणखी एक लिही. मारिया फेलिसा दुमागुइन."

गिर्लीची लेखणी थबकली. ते तिच्या आईचं नाव होतं. तिने ते लिहिलं, पुढची जागा मोकळी सोडली.

शुक्रवारी सभागृह भरून ओसंडलं. एव्हेलिनोने नावं यादीशी ताडून पाहिली, मान डोलावली, आणि शेवटाला अडला. "इथे सही नाही. हे नाव यादीतही नाही."

सिद्रा काठी टेकत उठली. "कसं असेल? माझ्या डोळ्यांदेखत होडीत गेली ती. तेव्हा केंद्र असतं तर आज सही करायला स्वतः आली असती. या केंद्राने माझं काम गेलं, साहेब, आणि मी रोज देवाचे आभार मानते. त्यानंतर एकही बाई होडीत गेली नाही. नाव खोडायचं असेल तर माझ्यासमोर खोडा."

एव्हेलिनोने अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांना सिद्रानेच या जगात आणलं होतं. कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि खाकरून मोठ्याने आकडा सांगितला.

"चारशे तेरा."

केंद्र गावातच राहिलं. एकानेही विरोधात हात वर केला नाही.

परतीच्या होडीत नदीच्या मध्यावर सिद्रा नेहमीसारखी डोळे मिटून बसली. इथेच ते झालं होतं.

"गिर्ली, तुझी आई माझ्या हातून गेली. तरी तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. तुझे उपकार फिटायचे नाहीत बघ."

"काहीतरीच काय, लोला! आई गेली ते कळायच्या आधी मला तुझाच हात लागला. मी आहे ती तुझ्यामुळे," गिर्ली म्हणाली आणि तिने म्हातारीचा तो हात आपल्या पोटावर ठेवला. आत बाळ हललं. सिद्राने डोळे उघडले आणि मधली नदी पार होईपर्यंत मिटले नाहीत.