आईची पिशवी आणि मागचा दिवा

मागे कोणी बसलेलं असताना तुमच्या मोटारसायकलचा मागचा दिवा तुम्ही कधी पाहिला आहे का? घाईने हो म्हणू नका. चालवणारा पुढे बघत असतो, मागचा माणूस दिव्याच्या वर बसलेला असतो, आणि ज्याला तो दिसायला हवा तो ट्रेलरवाला आपल्याला पोस्टकार्ड टाकून अभिप्राय कळवत नाही. मीही तीन वर्षं पाहिला नव्हता. तेवढ्या काळात जगातल्या बाकी सगळ्या अंधाराबद्दल मात्र माझी ठाम मतं झाली होती.

पनवेलच्या आमच्या घरात पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं. मी अक्षरं पत्रकांवरूनच शिकले; ‘निषेध’ मला ‘कमळ’च्या आधी लिहिता येत होतं. बाबा कामगारांच्या सभांची पत्रकं आणि भित्तिपत्रकं लिहायचे. छापायला देण्याआधी मथळा कागदावर काढून समोरच्या इमारतीच्या भिंतीला चिकटवायचा आणि रस्ता ओलांडून अलीकडून वाचायचा, हा त्यांचा नियम. वाचता आला नाही तर दोष लिहिणाऱ्याचा. वाचणाऱ्याला चष्मा लावायला सांगायचं नाही.

आई सकाळी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी गव्हाणच्या अलीकडे एका वीटभट्टीवर बायकांचा वर्ग घ्यायची. डोंगराकडच्या वाड्यांवरून आलेल्या या कातकरी बायका दिवाळीनंतर भट्टीवर येत. पावसाआधी भट्टी मोडली की पुढच्या वर्षी कोण कुठे असेल हे मुकादमालाही सांगता येत नसे. म्हणजे शिकवायला हंगाम एकच. परतायच्या वेळी तिकडे वाहन मिळत नसे, म्हणून मी माझ्या जुन्या मोटारसायकलवरून आईला ने-आण करायचे.

त्या थंडीत एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, मागून आलेला ट्रेलर आम्हाला इतका खेटून गेला की आम्ही थेट कडेच्या मातीत. आईचं कोपर सोललं, पिशवीतल्या चार पाट्या फुटल्या. तिने उठून साडी झटकली.

“तुझ्या मागे बसून मरायची मला हौस नाही,” ती म्हणाली. “आणखी एकदा असं झालं तर वर्ग बंद. आत्ता कुठे त्या एसटीची पाटी वाचायला लागल्यात. का बंद केला ते मग तूच जाऊन सांग त्यांना.”

आमच्यासारख्या घरातली मुलगी अशा वेळी काय करते? दिवा तपासते? नाही. मी पत्रक काढलं. ‘चालकबंधूंनो, दुचाकी दिसत नाही की बघायची नाही?’ बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागत, तिथे मी टाचा उंचावून केबिनकेबिनमध्ये ते देत सुटले. एका चालकाने ते शेवटपर्यंत वाचलं. उरणकडच्या कोळ्यांच्या घरातला, पन्नाशीचा माणूस. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून होडी सोडून ट्रेलरवर आलेला. वाचून झाल्यावर त्याने पत्रकावर भजी ठेवली.

“लिवलंय झकास, ताई. पन तुमची गाडी मला दिसनार कशी?”

“दिवा आहे की.”

“आसंल. तुमाला म्हाईत हाय, मला नाय.”

या माणसात वर्गजाणीव कमी आहे, असं मी घरी येऊन सांगितलं.

तरी त्याचं बोलणं टोचत राहिलं होतं. पुढच्या रविवारी मी गाड्या सजवणाऱ्या दुकानात गेले आणि दिसण्याचा प्रश्न कायमचा निकालात काढला. टाकीखाली निळी एलईडी पट्टी, नंबरप्लेटभोवती लुकलुकणारी लाल, चाकांत हवा भरायच्या झडपांवर हिरव्या दिव्यांच्या टोप्या, हँडलवर दोन पांढरे जादा दिवे. सगळं एकदम लावलं की हॉर्नचा आवाज बसायचा. आईने फक्त विचारलं, “मीही लुकलुकायचं आहे का?” बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“सगळंच ठळक छापलंस,” ते म्हणाले. “मजकूर काय आहे?”

उत्तर रस्त्याने दिलं. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, कुठल्या मंडळाची मिरवणूक, आणि एका म्हाताऱ्या बाईने पालखी समजून हात जोडले. मी नास्तिक असल्यामुळे मला ते दुप्पट लागलं. पण आपण दिसतोय तर खरं, अशी समजूत घालून घेत होते, तोवर एका ट्रेलरने मागून कर्कश हॉर्न देत अगदी शेवटच्या क्षणी बगल दिली. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “या आठवड्यापुरती येते. पुढचं पुढे.”

मग मात्र मी पत्रकावर भजी ठेवणाऱ्या त्या चालकाला रांगेत शोधून काढलं. माझ्याबरोबर आई होती आणि स्कूटरवरून बाबाही आले होते.

“दादा, आता तरी दिसते का?”

“पुढनं दिसतंय की. डोळं दिपतात. काय येतंय त्ये कलत नाय, पन कायतरी येतंय. मागनं दिसतंय आसं सांगू नका मला.” त्याने पलीकडचं दार उघडलं. “वर या. हितं बसा आन् तुमीच बगा.”

मी वर चढले. मावळतीचा उजेड जवळजवळ संपला होता आणि डोंगर फोडायच्या कामाची धूळ हवेत होती. बाबांनी माझी गाडी घेतली, आई नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून मागे बसली, आणि दोघं आमच्या शेजारून पुढे निघाले. त्या उंचीवरून ती आधी दिसलीच नाहीत. मग काचेखालून अचानक बाहेर आली आणि चाळीसेक पावलांवर विझली. लाल दिवा नाही, लुकलुकणं नाही. कॅरिअरवरून पाट्यांची पिशवी लोंबत होती ती बरोबर मागच्या दिव्यावर, आणि उरलेल्या रोषणाईवर आईचा पदर. पदराआडचा दिवा कवितेत शोभतो. बंदराच्या रस्त्यावर तो आपल्या आईला रस्त्याच्याच रंगाची करतो.

तीन वर्षं मी ती पिशवी रोज स्वतःच्या हाताने तिथे बांधत होते. एवढी पत्रकं भिंतीवर लावून लांबून वाचणाऱ्या घरातली मी. रस्ता ओलांडून एकदा मागे वळून बघायचं मला सुचलं नव्हतं.

“दिसली?” चालकाने विचारलं.

“नाही.”

“मंग कागदात आमाला शिव्या का घातल्या?”

मी खाली उतरले.

पुढचे तीन दिवस आम्ही गाडीचं मुद्रितशोधन केलं. निळं, हिरवं, लुकलुकणारं सगळं काढून टाकलं. पिशवी पुढे टाकीवर आली. कॅरिअरच्या टोकाला, पदराच्या बाहेर, नंबरप्लेट आणि एक साधा स्थिर लाल दिवा बसवला आणि पाठीमागे लाल रेडियमची पट्टी लावली. पांढरे दोन दिवे हँडलवरून काढून खाली, एकमेकांपासून लांब, नजर रस्त्याकडे वाकवून लावले. ही सूचना चालकाचीच. “येक दिवा आसला तर लांब हाय का जवल, कलत नाय. तीन टिपके दिसले, वर येक, खाली दोन, की कलतं, मोटरसायकल हाय आन् हितंच हाय.” तो केबिनमध्ये बसला, आणि बाबा गाडी पुढे-मागे नेत राहिले. दिसली नाही तर एक हॉर्न, दिसली तर दोन. आईला हेल्मेटवर रेडियम चालला, पदरावर नाही. “मी भित्तिपत्रक नाही,” ती म्हणाली.

शेवटी दोन हॉर्न वाजले तेव्हा रांगेतल्या मागच्या ट्रेलरवाल्यांनीही वाजवले. त्यांना पुढे सरकायचं होतं.

आई पाऊस येईपर्यंत भट्टीवर जात राहिली. शेवटच्या दिवशी तिच्या वर्गातली एक बाई गाडीच्या मागे उभी राहिली आणि नंबरप्लेट एकेक अक्षर लावून वाचली. पदराखाली असती तर वाचता आली नसती.

हेही पत्रकच आहे, यावरही भजी ठेवायला हरकत नाही. पण त्याआधी एक करा. आज दिवे लागायच्या वेळी, ज्या माणसाला तुम्ही रोज मागे बसवता त्याला त्याच्या पिशवीसकट, पदरासकट उभ्या गाडीवर बसवा, दिवे लावा, आणि चाळीस पावलं मागे चालत जाऊन वळून बघा. दिसलं नाही, तर पिशवी आजच हलवा.