मामाच्या नावाची डबी

माझ्या मामासारखा आळशी माणूस शोधून सापडायचा नाही. किल्ल्या बनवण्यात हात मोठा कसबी, पण दुकानाबाहेरचं प्रत्येक काम मामीच्या गळ्यात. बँकेचा फॉर्म मामी भरणार, नको असलेल्या माणसाचा फोन आला की "हे आंघोळीला गेलेत" असं मामीच सांगणार. वर हा म्हणायचा, "अगं, तिला आवडतं!" आवडतं कसलं डोंबलाचं!

मी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. आपल्या पेशींत मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे तुकडे असतात. कुठल्या जनुकाने किती बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, यावर त्यांचा वचक. कॅन्सर मूळ धरू लागला की यातले काही भलतेच वाढतात, काही घटतात, आणि त्याचा माग शौचाच्या नमुन्यातही लागू शकतो. आमच्या अभ्यासाला पन्नाशीपुढची माणसं हवी होती. मामा साठीचा. त्याच्या हातात डबी ठेवली, तसा तो ओरडला, "शी! मी नाही बाई असलं काही करणार!"

"करशील. परवा न्यायला येते."

परवा डबी तयार होती. वर मामाचं नाव, अक्षर अर्थातच मामीचं.

अहवाल आला. आकडे वाईट होते. मामाला दुर्बिणीच्या तपासणीला नेलं, तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "आतडं अगदी लख्ख आहे," आणि स्वारी हवेत! घरी येऊन मिशीला पीळ देत म्हणाला, "तुमचं ते मायक्रो की फायक्रो, द्या फेकून!"

"आमचंच काहीतरी चुकलं असेल," मी खट्टू होऊन म्हटलं. "तुझा नमुना अभ्यासातून काढायला सांगते."

मामी पाणी घेऊन आली होती. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काढू नकोस," तो म्हणाला. "ती डबी माझी नव्हती."

"मग कुणाची?"

"माझी," मामी म्हणाली. "यांना किळस येत होती. म्हणाले, तूच दे, कुणाला कळतंय!"

मी कपाळावर हात मारला, पण हसू येईना. "मला काय धाड भरलीय" म्हणत मामी कधी डॉक्टरची पायरी चढली नव्हती. वर्षभर रक्त पडत होतं, ते तिने मूळव्याध समजून अंगावर काढलं होतं.

तपासणीत गाठ सापडली. लहान होती, पसरलेली दिसत नव्हती. ऑपरेशन ठरलं.

"तुझ्या त्या तुकड्यांचं औषध नाही का गं?" मामाने विचारलं.

"घटलेले तुकडे परत देऊन गाठ आवरता येते का, ते शोधतायत, मामा. अजून हाती काही नाही. सध्या सुरीच."

ऑपरेशनच्या दिवशी मामीचं स्ट्रेचर आत निघालं, तसा मामाने सर्जनचा हात धरला. "डॉक्टर, आजवर माझं सगळं हिनेच केलंय. हे एवढं मी करतो. मला घ्या आत."

सर्जन गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मामीने मान वळवली. "अहो, सोडा त्यांना. हेही मीच करते. तुम्ही बसा तिथे."

मामा बसला. साडेतीन तास तो पाणी प्यायलासुद्धा उठला नाही. "गाठ पूर्ण निघाली" हे ऐकलं, आणि तिथेच मोठ्याने रडला.